उषाला पदक नाही, तरी तिचंच उदाहरण का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याच्या सणस मैदानावर मी मुलींना धावायला शिकवते आणि दर मोसमात कुणी ना कुणी पालक विचारतातच, "मॅडम, पी. टी. उषाला ऑलिंपिकचं एकही पदक नाही. मग मुलींपुढे सारखं तिचंच नाव का?"

आधी तो चौथा नंबर. १९८४, लॉस एंजेलिस. महिलांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. मोरोक्कोची नवल अल मुतवक्किल जिंकली. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या कोजोकारूची वेळ ५५.४१ सेकंद, उषाची ५५.४२. त्या वेगाला एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटर. रेषेवर छाती पुढे झोकण्यात तेवढा फरक सहज पडतो. त्यात अंतिम फेरीची पहिली सुरुवात फॉल्स स्टार्टमुळे, म्हणजे कुणीतरी गोळीच्या आधीच सुटल्यामुळे, रद्द झाली, आणि उषा त्या वेळी फार छान सुटली होती. या शर्यतीत पहिला अडथळा ४५ मीटरवर, पुढचे दर ३५ मीटरवर, असे एकूण दहा. सगळा खेळ पावलांच्या हिशोबाचा. मनाची आणि पायांची ती जुळणी एकदा मोडून पुन्हा बांधायची, तीही विशीतल्या मुलीनं, असल्या मैदानात! तिथलं जेवण सोसेना म्हणून तांदळाची पेज आणि लोणच्यावर राहिलो, असंही तिनं पुढे सांगितलंय.

पण लोक तिची गोष्ट इथेच संपवतात, याचा मला खरंच राग येतो.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं पाच सुवर्णपदकं घेतली: १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४x४०० रिले. एकाच स्पर्धेत १०० आणि ४०० दोन्ही जिंकणं म्हणजे काय, हे शिकवायला लागल्यावर मला कळलं. १०० मध्ये सगळी ताकद सुरुवातीच्या झेपेत आणि वेग टिकवण्यात लागते. ४०० मध्ये शेवटच्या वळणानंतर मांड्या पेटतात, हात वर येईनासे होतात, आणि तरी धावण्याची ढब मोडू द्यायची नसते. दोन्हींचा सराव निराळा, आणि मध्ये त्याच स्पर्धेच्या फेऱ्याही पळायच्या. १९८६ च्या सोल आशियाडमध्ये भारताला एकूण पाच सुवर्णं मिळाली. त्यातल्या चारांमध्ये उषा होती.

१९८८ च्या ऑलिंपिकला टाचेची दुखापत घेऊन गेली आणि प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. १९९० च्या बीजिंग आशियाडनंतर ती थांबली. लग्न झालं, मूल झालं.

आणि मग ती परत आली. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम हेच. १९९८ मध्ये फुकुओकाला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, वयाच्या ३४ व्या वर्षी, २०० आणि ४०० मध्ये ब्राँझ आणि ४x१०० रिलेत सुवर्ण. स्प्रिंटरचं शरीर या वयात साथ सोडतं. स्नायू लवकर ताणले जातात, कालचा थकवा आज उतरत नाही. बाळंतपणानंतर पोट-कंबरेची ताकद तर पहिल्यापासून उभी करावी लागते.

पुण्यात माझ्याकडच्या मुली धावणं सोडतात ते दुखापतीनं नाही. नववी संपली की क्लासची वेळ आणि मैदानाची वेळ एक होते. आई म्हणते, दहावीचं वर्ष आहे, नंतर बघू. ते नंतर फार थोड्या मुलींच्या वाट्याला येतं. म्हणून मी उषाचं नाव घेते. मध्ये खंड पडला तरी पुन्हा ट्रॅकवर उतरता येतं, हे तिनं पळून दाखवलंय, आणि माझ्या मुलींना लॉस एंजेलिसच्या त्या मिनिटापेक्षा ही गोष्ट जास्त उपयोगाची आहे.

२००० मध्ये निवृत्त झाल्यावर तिनं केरळमध्ये मुलींसाठी प्रशिक्षण संस्था काढली. तिथली टिंटू लुका २०१३ मध्ये आपल्याच बालेवाडीत, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत धावली: ८०० मीटरमध्ये ब्राँझ, ४x४०० रिलेत सुवर्ण. बालेवाडी तुमच्या घरापासून फार तर तासाभरावर असेल. पुढच्या राज्य स्पर्धेला मुलीला घेऊन जा आणि ४०० हर्डल्स शेवटच्या वळणाजवळ बसून बघा.