चुन्याच्या कामातली आमची वाटचाल

जुन्या इमारतींच्या चुन्याच्या गिलाव्याचे काम आमच्याकडे वडिलांपासून चालत आले आहे आणि गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या जीर्णोद्धारात आमच्या गवंड्यांचे हात लागले, याचा आम्हाला मोठा अभिमान आहे. 1911 मध्ये पंचम जॉर्ज यांनी उद्घाटन केलेली आणि पुढे चित्रपटगृह झालेली ही वास्तू 1993 मध्ये बंद पडली होती. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली ती सावरली आणि ऑक्टोबर 2016 मध्ये संगीत, नाटक व नृत्यासाठी पुन्हा खुली झाली.

त्याच्या काही वर्षे आधी मात्र फर्म बुडायला आली होती. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इमारतीच्या कामाला तोंडी होकार मिळाल्यावर आम्ही टाक्या भरून कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेला कोरडा चुना, पाण्यात विरवला आणि गवंडी गावाहून बोलावले. तेवढ्यात दुसऱ्या कंत्राटदाराने दर पाडून ते काम घेतले आणि भिंतींवर सरळ सिमेंट थापले. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पावसाळ्यानंतर क्षार फुटून पोपडे गळू लागले, तरी त्याचे बिल चुकते झाले. आमच्या दारात मात्र उधारीवाले उभे होते. हा सल आजही गेलेला नाही.

त्या दिवसांत गिरगावातल्याच खोताची वाडी या जुन्या वस्तीतल्या एका मालकीणबाईंनी आपल्या घराच्या भिंतींचे काम दिले आणि मजुरी आगाऊ मोजली. पाण्याखाली ठेवलेला चुना जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो, त्यामुळे त्या टाक्यांतला माल वाया न जाता तिथेच उत्तम लागला. आमच्या थोरल्या मिस्त्रींनी तो वस्त्रगाळ करून करणीने चढवला, रंध्याने सारखा केला आणि गुळगुळीत गोट्याने घोटून अशी झिलई आणली की पुढची कामे त्या भिंती पाहूनच मिळाली. त्यांची करणी आणि ओळंबा आजही आमच्या वापरात आहेत.

जुनी वास्तू कलाकेंद्रासाठी दुरुस्त करू पाहणाऱ्या विश्वस्तांनी निविदेत नुसते ‘चुन्याचे काम’ असे लिहू नये. चुना किती दिवस मुरवलेला हवा आणि त्यात सिमेंटची चिमूटही चालणार नाही, हे स्पष्ट लिहावे, आधी नमुन्याचा पट्टा करून घ्यावा, छपराची गळती थांबल्याशिवाय आतल्या गिलाव्याला हात लावू देऊ नये आणि त्यावर ऑइलपेंट तर कधीच देऊ नये.