जॉर्जमधलं कुत्र्याचं चाक

रविवार, 12 ऑक्टोबर

आत्याला पबात न्यायचं की नाही, यावर आमच्याकडे दोन दिवस खल चालला होता. म्हणजे मी आणि नवरा स्वयंपाकघरात कुजबुजत होतो आणि आत्या बाहेर शब्दकोडं सोडवत होती. मिरजेची, 68 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. तिच्या लेखी पब म्हणजे गुत्त्याचंच इंग्रजी नाव. शेवटी तिनेच विचारलं, "त्या लेकॉकला जेवायचं कुठे?" नवरा बोलून गेला, "पबात." "बरं," म्हणाली. संपला विषय.

लेकॉक हे इंग्लंडच्या विल्टशायरमधलं चिपनमजवळचं गाव. 1944 पासून जवळजवळ सगळं नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात आहे, त्यामुळे जुनी दगडी, लाकडी घरं जशीच्या तशी उभी आहेत. इथल्या ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, खिडकीचा 1835 सालचा फोटो फोटोग्राफीचा आद्य प्रयोगकर्ता फॉक्स टॅल्बटने काढला आणि त्याची निगेटिव्ह अजून शाबूत आहे. जगातली आज टिकून असलेली सगळ्यांत जुनी निगेटिव्ह तीच. हे सांगितल्यावर आत्याने त्याच खिडकीचे अकरा फोटो काढले, त्यांतल्या चारांत तिचं बोट. मग पाऊस आला आणि आम्ही पळत जॉर्ज इनमध्ये शिरलो.

हा पब 1361 पासूनचा, असं सांगतात. तुळया इतक्या खाली की नवऱ्याने दारातच कपाळ आपटून घेतलं. आत शेकोटी पेटलेली, ओल्या कोटांचा आणि गरम ग्रेव्हीचा वास. शेजारच्या टेबलाखाली एक म्हातारा लॅब्रॅडॉर घोरत पडलेला. "कुत्रा? जेवायच्या ठिकाणी?" आत्याने भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "इथे तर कुत्रं नोकरीला होतं," आणि तिला शेकोटीशेजारचं चाक दाखवलं.

भिंतीवर उंच बसवलेलं ते लाकडी चाक मी यापूर्वी दोनदा पाहिलंय, पण नीट पाहिलं ते आज, आत्यामुळे. आखूड पायांचं, लांबट अंगाचं एक कुत्रं त्या चाकात घालत. ते आत धावलं की चाक फिरायचं, चाकाबरोबर विस्तवावरची सळई फिरायची आणि मांस सगळीकडून सारखं भाजलं जायचं. या कामासाठी एक जातच पाळलेली होती. यंत्रं आली, काम गेलं, जातही नाहीशी झाली. आत्या बराच वेळ मान वर करून उभी. "म्हणजे वास नाकाशी, आणि धावायचं जागच्या जागी," ती म्हणाली. "आमच्या शाळेतल्या शिपायासारखं." कुठला शिपाई, कसला वास, ते काही बोलली नाही.

ऑर्डर द्यायला नवरा काउंटरवर गेला. ही अक्कल आम्हांला पैसे मोजून आलेली. पहिल्या वर्षी दुसऱ्याच एका गावात आम्ही वीस मिनिटं टेबलाशी शहाण्यासारखे बसून राहिलो होतो आणि बाकीचे जेवून निघूनही गेले. वेटर येईल म्हणून पबात सहसा थांबायचं नसतं. काउंटरवर रांगही दिसत नाही, पण कोणाचा नंबर कधी ते प्रत्येकाला बरोबर ठाऊक असतं. मधे घुसलात तर कोणी काही बोलत नाही, नुसतं बघतात. ते बघणं वाईट.

मी हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, घेतली, वॉडवर्थची सिक्स एक्स, जुन्या पद्धतीची बियर, म्हणजे एल. ब्रुअरी इथून जवळच, डिव्हायझेसला. हातपंपाचा लांब दांडा ओढून तळघरातल्या पिंपातून वर आणतात. पिंपातही ती आंबतच असते, वरून गॅस भरायचा नाही, आणि पिंप उघडलं की जेमतेम तीन दिवसांत संपवायचं. गार म्हणजे तळघराइतकीच गार, बारा अंशांच्या आसपास. पहिल्यांदा प्याले तेव्हा मला ती कोमट लागली होती. आता फ्रिजमधल्या बियरलाच चव नाही असं वाटतं. 1971 साली चौघा मित्रांनी या एलसाठी चळवळ उभी केली नसती तर कारखान्यातल्या गॅसच्या बियरने हिला केव्हाच गिळलं असतं.

आत्याने ग्लास उचलून वास घेतला. "आंबोळीचं पीठ," म्हणाली आणि खाली ठेवला.

तिच्यासाठी नट रोस्ट, म्हणजे दाणे-सुक्यामेव्याचा भाजलेला शाकाहारी पदार्थ. ग्रेव्ही कशाची हे दोनदा विचारून घेतलं. यॉर्कशर पुडिंग, म्हणजे पीठ-अंड्याचा खारा फुगीर पदार्थ, त्याचंही विचारलं, कारण अंडं तिला चालतं, पण ते बऱ्याचदा गोमांसाच्या चरबीत भाजतात. इथे तेलातलं निघालं. तिने त्या फुगलेल्या पोकळ वाटीत ग्रेव्ही भरली आणि चमच्याने तळ फोडला. "हे जमलंय," म्हणाली. बटाटे मात्र तिला अळणी लागले. पर्समधून तिखटाची डबी निघाली. माझं लॅम्ब, पुदिन्याची आंबटगोड चटणी, छान. त्यावर जास्त लिहीत नाही.

जेवताना मी नेहमीचं वाक्य टाकलं, की गावातला पब म्हणजे आपला पारच, सगळं गाव येऊन बसतं. आत्याने चमचा ठेवला. "पारावर आम्हांला कोणी बसू दिलंय? लांबून पदर सावरत जायचं, बोलणी ऐकत." मी गप्प. खरं तर इथेही फार वेगळं नव्हतं. पूर्वी एल घरोघरी बायकाच करायच्या आणि तयार झाली की दाराबाहेर काठीला डहाळ्या बांधायच्या. पुढे धंदा मोठा झाला तसा त्यांच्या हातून गेला. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर तर एक वाइन बार असा होता की बायकांनी काउंटरशी उभं राहून मागितलं तर द्यायचे नाहीत. 1982 मध्ये दोघी कोर्टात जिंकल्या तेव्हा ते थांबलं. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "82? तेव्हा मी पंचविशीत होते," आणि उठून थेट काउंटरवर गेली. तिथे दोघा दांडग्या पुरुषांच्या मधे उभं राहून, आपला नंबर येईपर्यंत नीट थांबून, स्वच्छ शाळेतल्या इंग्रजीत तिने चहा मागितला. चहा मिळाला. बिस्किटसुद्धा.

साडेचारला घरी आलो. तिकडे रात्रीचे नऊ, म्हणून तिने लगेच बाबांना फोन लावला. पाऊस, खिडकी, निगेटिव्ह, कुत्र्याचं चाक, सगळं सांगून झालं.

"जेवलो ना, तिथल्याच एका हॉटेलात," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "हो, जुनं आहे. शाकाहारी मिळतं."