सव्वीस जानेवारी रविवारी आली

नवं कॅलेंडर खिळ्याला लावण्याआधी मांडीवर घेऊन चाळायचं, ही आमच्या घरची रीत. आई चतुर्थ्या बघायची. बाबा बघायचे ते रविवारवर येऊन पडलेल्या सुट्ट्या. एखादी सापडली की "गेली!" म्हणायचे, तेही असं, की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण?"

१९८६ साली सव्वीस जानेवारी गेली. आमचं तर दुहेरी नुकसान. आदल्या रात्री कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करायचे, आणि रविवारी, चक्क रविवारी, कुडकुडत सहाला उठून प्रभातफेरी. मोबदला लिमलेटच्या दोन गोळ्या. बाबाही कचेरीतल्या झेंडावंदनाला इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, चेहरा मात्र बिनइस्त्रीचा.

परवा दुपारी कॅलेंडर चाळताना हे आठवलं आणि एक गंमत ध्यानात आली. ही तारीख मुळात जन्मलीच रविवारी! १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, ३१ तारखेच्या मध्यरात्री रावीकाठी झेंडा फडकवला, आणि देशभर प्रतिज्ञा घ्यायला जानेवारीतला शेवटचा रविवार मुक्रर केला. तो निघाला २६ जानेवारी १९३०. पुढे वर्षानुवर्षं हाच आपला स्वातंत्र्यदिन.

मग १९४७ साली माउंटबॅटनसाहेबांनी १५ ऑगस्ट काढला. का, तर दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी जपान शरण आला होता! झालं. इतकी वर्षं खुर्ची सांभाळणाऱ्या सव्वीस जानेवारीच्या जागी वरून थेट नेमणूक. बाबांच्या कचेरीत असं घडलं असतं तर युनियनने गेटवर सभा घेतली असती. पण इथे वरिष्ठांनी ज्येष्ठतेची बूज राखली. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारून झाली होती, तरी बांधलेल्या घराची वास्तुशांत मुहूर्तासाठी अडावी तशी दोन महिने थांबवली आणि २६ जानेवारी १९५० ला लागू केली. वार गुरुवार. शुक्रवारी रजा टाकायचं कुणाकुणाच्या मनात आलं असेल, देव जाणे.

आपला महाराष्ट्र दिन? १ मे १९६०. रविवारच. त्यात कामगार दिनही त्याच तारखेला, म्हणजे एका दिवसात तीन सुट्ट्या गडप. आणि रविवार तरी कुठे आयता मिळालाय? मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं झगडून १८९० साली तो पदरात पाडून घेतला.

हे सगळं बाबांना सांगायला हवं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं असतं, आणि मग म्हणाले असते, "ते सगळं खरं रे. पण गेलीच ना?"