जीटी ७१० आणि ६.१५ नंतरचे कर्नल: आत्तापर्यंत कुठवर आलो

मंडळी, एनव्हिडियाचा जुना ड्रायव्हर नव्या लिनक्स कर्नलवर (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर) चालवायचा खटाटोप चालू होता; आपलं केप्लर (एनव्हिडियाची एक जुनी चिप-पिढी) ग्राफिक्स कार्ड एकदाचं कर्नल ६.१५ च्या पुढे सरकलं. कार्ड तेच, नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) सेकंडहँड उचललेलं जीटी ७१०. पंखा नाही, नुसता हीटसिंक.

दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. केप्लरसाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची शेवटची शाखा ४७०, तिचा सपोर्ट २०२४ मध्ये संपला. कर्नल मात्र दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा येतो, आणि आतली फंक्शनं तशीच राहतील असं कर्नलवाल्यांनी कधीच कबूल केलेलं नाही. त्यांचा शब्द फक्त युजरस्पेसपुरता, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमपुरता. म्हणून डीकेएमएस (बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी आपोआप बांधणारं साधन) प्रत्येक नव्या कर्नलवर मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, बिल्ड करायला जातं आणि कधी ना कधी आपटतं.

६.१५ वर आपटायची तऱ्हा मजेशीर. टर्मिनलवर नुसतं 'बॅड एक्झिट स्टेटस', त्यावरून काय कळणार? डीकेएमएसच्या बिल्ड फोल्डरमधला मेक लॉग (बिल्डची नोंदवही) उघडा आणि वरून वाचत या. पहिली एरर खरी, बाकी तिची पिलावळ. तिथे दिसतं की ड्रायव्हरला स्वतःच्याच हेडर फाइली (कोडमधल्या व्याख्यांच्या फाइली) सापडत नाहीयेत! फाइली जागेवरच असतात. पण त्यांचा पत्ता केबिल्डमध्ये (कर्नलच्या बिल्ड-व्यवस्थेत) 'एक्स्ट्रा सीफ्लॅग्ज'मधून दिलेला, आणि ते व्हेरिएबल ६.१५ ने काढून टाकलं. कर्नल तक्रार करत नाही, ती ओळ गुपचूप सोडून देतो. तिथे 'सीसीफ्लॅग्ज-वाय' लिहिलं की बिल्ड पुढे जातो. मग 'डेल टायमर सिंक' हे कर्नलचं फंक्शन अडतं, कारण आता फक्त 'टायमर डिलीट सिंक' उरलंय; कर्नलची आवृत्ती तपासणारी एक अट घातली की काम होतं. डीआरएमच्या (कर्नलच्या ग्राफिक्स-व्यवस्थेच्या) भागात एका ठिकाणी 'कॉन्स्ट' हा सी भाषेतला शब्द लागतो. ६.१२ पर्यंतचे पॅच (दुरुस्त्या) डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्स वितरणाने, आधीच लावले होते, नाहीतर यादी लांबली असती.

मॉड्यूल लोड झालं, डेस्कटॉप आला. तरी रोजच्या मशीनवर मी हे ठेवणार नाही. पुढच्या कर्नलला पुन्हा हेच. बरं, एलटीएसवर (दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या जुन्या कर्नलवर) थांबलं म्हणजे सुटलो असंही नाही: २०२४ च्या सुरुवातीला ६.१.७६ सारख्या किरकोळ अपडेटनेही एनव्हिडियाचं मॉड्यूल पाडलं होतं, जीपीएल-ओन्ली सिंबॉलच्या (फक्त जीपीएल परवान्याच्या कोडलाच वापरता येणाऱ्या फंक्शनच्या) भानगडीत.

म्हणून सध्या नूव्हो, एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर. तो कर्नलच्या आतच असल्यामुळे फंक्शन बदलणाराच त्याचीही दुरुस्ती करतो. रडगाणं एकच, कार्ड बूटच्या वेळच्या कमी क्लॉकवरच (चिपच्या वेगावर) बसून राहतं. केप्लरवर हे हाताने उठवता येतं: रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या आतल्या गोष्टी दाखवणाऱ्या खास फाइलींमधल्या) 'पीस्टेट' फाइलमध्ये '०एफ' (वरच्या वेगाचा क्रमांक) लिहायचं, मग तीच फाइल वाचून 'एसी'च्या ओळीत क्लॉक वाढला का ते बघायचं. माझ्याकडे वाढतो, आणि व्हिडिओ-ब्राउझरला तेवढं पुरतं. फक्त नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बिनपंख्याच्या कार्डाला तासन्‌तास ०एफवर ठेवायची माझी हिंमत नाही. 'सेन्सर्स' चालवून तापमान बघत राहतो. (घरातल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका, हवा ओली असते.)

पुढचं काम, हीटसिंकवर ८० एमएमचा पंखा बांधणं. आणि जीटी ७३० वाल्यांनो, हे सगळं करण्याआधी एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची नावं दाखवणारी कमांड) बघा. त्या नावाखाली जीके२०८ निघालं तर केप्लर, जीएफ१०८ निघालं तर फर्मी, म्हणजे केप्लरच्या आधीची पिढी. फर्मीला ४७० चालतच नाही, त्याला ३९० शाखेचा ड्रायव्हर लागतो.