शेवटचं पान

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हाती पडलं आणि आठवले ते फक्त सर आणि वह्यांच्या शेवटच्या पानावर त्यांनी आखून दिलेले चौकोन. बाकी गुरुजनांनी क्षमा करावी.

एखाद्या मुलाला उपरती झाली की सगळे खूश व्हायचे. सर मात्र सावध व्हायचे. आठवीत मागच्या बाकावरच्या एकाने रागाच्या भरात मित्राचा चष्मा फोडला. काच डोळ्याच्या कडेला लागली, रक्त आलं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा ओळखू येईना, इतका गप्प आणि शहाणा. सरांनी वर्गात कौतुकाचा शब्द काढला नाही. त्याची वही मागितली. "यापुढे चांगला वागेन" ही ओळ तांबड्या शाईने खोडली आणि त्याच्याच हाताने लिहून घेतलं, "राग आला की लगेच हात खिशात घालून नळापर्यंत चालत जाईन." केव्हा, काय, कुठे, सगळं एका ओळीत. खाली शाळेच्या दिवसांचे चौकोन, सहाच्या बारा ओळी, एकूण बहात्तर.

पाळलं तर बरोबरची खूण. चुकलं तर चौकोन रिकामा, फुली नाही. फुली दिसली की मूल म्हणतं "गेलंच सगळं", आणि ये रे माझ्या मागल्या! सलग दोन रिकामे झाले तर मधल्या सुट्टीत सरांना भेटायचं.

खरा त्रास पुढेच असतो. माणूस एका रात्रीत बदलतो, पण भोवतालचे त्याला जुन्याच नावाने डिवचत राहतात. म्हणून सरांनी त्याचा बाक बदलला, त्याच मित्राशेजारी बसवलं. नवा चष्मा येईपर्यंत फळ्यावरचं वाचून दाखवायचं काम त्याचं. पश्चात्तापाला असं काम मिळालं नाही, तर तो मनातच कुजतो.

समुपदेशकांना शिकवताना आज याचाच आधार वाटतो. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील, असा त्यातला हिशेब. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. सरांनी हे सारं कितीतरी आधी वहीवर आखलं होतं.

आता शेवटच्या पानावर छापील सूचना असतात, याचं वाईट वाटतं. कुणा शिक्षकाला पुन्हा आखायचं असेल, तर चौकोन बहात्तरच ठेवावेत आणि तांबडी शाई फक्त मोघम ओळीसाठी.