लॉगचे नियम आणि ढोलाचे डेसिबल

बारावीच्या फिजिक्सच्या पेपरवर एक सूचना छापलेली असते: लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. त्यामुळे महाराष्ट्रातली सायन्सची मुलं लॉगच्या तक्त्यावर बोट फिरवायला झकास शिकतात. ओळ धरायची, रकाना धरायचा, मीन डिफरन्स (शेवटच्या अंकासाठीची छोटी भर) मिळवायचा, शेवटी अँटीलॉग, म्हणजे लॉगवरून परत मूळ संख्या. हात असा बसलेला असतो की विचारू नका. आणि मग मी विचारते, "लॉग १०० किती रे?" तर पोरगं तक्ता उघडतं!

मी सदाशिव पेठेत अकरावी-बारावीचे क्लास घेते. पावसाळ्यात संध्याकाळचे क्लास लवकर आटपते, कारण तेव्हा पथकाचा सराव असतो. हो, ढोल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

आधी १०० चं बघू. लॉग म्हणजे एक प्रश्न आहे: १० चा कितवा घात केला की हा आकडा येतो? १०० साठी उत्तर २, १००० साठी ३, १ साठी शून्य. ५० साठी? ५० हा १० आणि १०० च्या मधे बसतो, म्हणून उत्तर १ आणि २ च्या मधे, १.६९९०. तक्ता लागतो तो फक्त या दशांशाच्या भागासाठी.

एकदा हे पटलं की नियमांचं काही उरतच नाही. १०० गुणिले १००० म्हणजे एक लाख. २ अधिक ३ म्हणजे ५. पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हे शाळेतच झालेलं असतं. लॉग हा घातांकच आहे, मग गुणाकाराच्या लॉगमध्ये बेरीज होणार नाही तर काय होणार? भागाकारात वजाबाकी, घाताच्या घातात गुणाकार. सगळं शाळेतलंच. पण अकरावीच्या पुस्तकात तेच नियम नव्या चौकटीत, नव्या नावाने येतात आणि मुलं ती नवी पाठांतराची यादी समजून घोकायला लागतात. मला याचा मनापासून राग येतो.

घोकण्याचा परिणाम लगेच दिसतो. बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, हे दर बॅचमध्ये कुणीतरी लिहितंच. मागे एका मुलाने ते मला सिद्धच करून दाखवलं: "मॅम, २ आणि २ घ्या. लॉग ४ बरोबर लॉग २ अधिक लॉग २. आलं की नाही?" आलं खरं! ०.३०१० दोनदा मिळवले की ०.६०२०, आणि लॉग ४ तेवढाच (तक्त्यात ०.६०२१, शेवटचा १ पूर्णांकनाचा). मग त्यानेच १, २, ३ घेतले, तेही आलं. वर्गात दंगा. २ आणि २ ची बेरीज नि गुणाकार एकच, १, २, ३ चाही एकच, आणि लॉगला फक्त गुणाकार दिसतो, हे त्याला २ आणि ५ घेतल्यावर उमगलं. लॉग २ अधिक लॉग ५ बरोबर १, म्हणजे लॉग १०. सातचा पत्ताच नाही. चुकीचा नियम खोडून काढायला याहून चांगलं उदाहरण मी तरी दिलं नसतं.

आता ढोल.

डेसिबल हा आकडा लॉगचाच. मोजायच्या आवाजाची तीव्रता घ्यायची, कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या तीव्रतेने तिला भागायचं, त्याचा लॉग काढायचा आणि १० ने गुणायचं. समजा एका ढोलाचा आवाज ठरावीक अंतरावर ९० डेसिबल भरला. शेजारी तसाच दुसरा ढोल आला तर किती? वर्गातून हमखास उत्तर येतं: १८०. खरं उत्तर ९३. तीव्रता दुप्पट झाली, लॉग २ म्हणजे ०.३०१०, गुणिले दहा, म्हणजे तीन डेसिबलची भर. दहा ढोल झाले की १००, शंभर ढोल झाले की ११०. पथकात नव्वद ढोल आणखी येऊन उभे राहिले तरी मीटर दहानेच वर सरकतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिला होता की विसर्जन मिरवणुकीत एका पथकात ढोल, ताशे, झांजा मिळून तीसपेक्षा जास्त वादक नसावेत. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तेव्हा सरावाच्या शेडमध्ये जो काही कल्ला झाला तो इथे लिहीत नाही. पण मी दुसऱ्या दिवशी वर्गात हेच गणित घातलं. साठाचे तीस केले तर? तीन डेसिबल कमी. शंभराचे तीस केले तर? शंभर भागिले तीस, म्हणजे १० भागिले ३. त्याचा लॉग म्हणजे १ वजा ०.४७७१, म्हणजे ०.५२२९, सव्वापाच डेसिबल कमी. पथकातली मुलं वर्गातही आहेत, ती खूश. "बघा मॅम, काही फरक पडत नाही!"

थांब बाळा. कानासाठी तीन डेसिबल थोडे नसतात. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तास राहावं, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. तीनच का, हे मुलांना आता सांगावं लागलं नाही. पंधरा मिनिटांत आमचा एक चौकसुद्धा पुढे सरकत नाही. मी कानात बोळे घालून वाजवते. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

सीओईपी या इथल्या इंजिनिअरिंगच्या संस्थेचे विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजतात, आणि शंभरच्या आसपासचे आकडे कुणाला नवे नाहीत. निवासी भागात दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ डेसिबल. १०० आणि ५५ शेजारी ठेवले की "जवळजवळ दुप्पट" असं चटकन तोंडात येतं. इथे भागाकाराचा नियम उलटा लावा. फरक ४५ डेसिबलचा, दहाने भागून ४.५, अँटीलॉग घेतला की ३१,६२०. तीव्रता दुप्पट नाही, एकतीस हजार पट. वजाबाकी करून आलेला आकडा मुळात गुणोत्तर असतो, हे यानंतर कुणी विसरल्याचं मला आठवत नाही.

अंतराचं गणित मला त्याहून आवडतं. मोकळ्या जागेत तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. वर्ग आला की लॉगमध्ये तो २ खाली उतरून पुढे गुणायला उभा राहतो. म्हणून अंतर दुप्पट केलं की दोनदा तीन, म्हणजे सहा डेसिबल कमी. पथक निम्मं करून जेवढे कमी होतील त्याच्या दुप्पट, केवळ दुप्पट लांब उभं राहून! नदीपात्रात हे बऱ्यापैकी लागू पडतं. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आवाज आपटून परत येतो, तिथे एवढी सूट मिळत नाही.

असो, ढोलावरून परत तक्त्यावर येते, कारण परीक्षेत मुलं अडतात ती डेसिबलवर नाही, बारवर.

०.०२ चा लॉग काढा. ०.०२ म्हणजे २ गुणिले १० चा उणे दोनावा घात. म्हणून लॉग ०.३०१० वजा २. तक्तेवाले हे बार २.३०१० असं लिहितात: रेघ फक्त २ च्या डोक्यावर, दशांश भाग धनच. कॅल्क्युलेटरवर तेच −१.६९९० दिसतं आणि मुलं घाबरतात. दोन्ही एकच आहेत, पण तक्त्यात ऋण आकडे नसतात, म्हणून धन भाग वेगळा सांभाळायचा. त्याचा फायदा असा की २, २०, २००, ०.०२ या सगळ्यांसाठी तक्त्यातली एकच नोंद पुरते.

खरी गंमत घनमुळात. बार २.३०१० ला ३ ने भागा. मुलं सरळ २.३०१० भागिले ३ करतात, ०.७६७० आणतात आणि रेघ कुठे द्यायची याचा कौल लावतात. उणे दोनाला तिनाने नि:शेष भाग जात नाही, तर जाईल असं करून घ्या: उणे २ चे उणे ३ करा आणि तो एक पलीकडे धन भागात घाला. उणे ३ अधिक १.३०१०. आता भागा: उणे १ अधिक ०.४३३७. अँटीलॉग २.७१४, दशांशचिन्ह एक घर डावीकडे, उत्तर ०.२७१४. कॅल्क्युलेटरवर ताळा करून बघा. कुणी काही म्हणो, बार मला आवडतो. त्यात मेहनत आहे पण फसवणूक नाही.

तक्ता केला कुणी, हे मुलं फारसं विचारत नाहीत. जॉन नेपियर या स्कॉटिश गृहस्थाने १६१४ मध्ये लॉगचं पहिलं पुस्तक छापलं, पण त्याचे लॉग आपले नव्हेत. त्यात १ चा लॉग शून्य येत नाही. लंडनहून हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये त्याला भेटायला गेला आणि १० हा पाया धरायचं ठरलं. नेपियर १६१७ मध्ये गेला. ब्रिग्जने पुढे १० चं वर्गमूळ, त्याचं वर्गमूळ, असं चोपन्न वेळा हाताने काढलं आणि १६२४ मध्ये तीस हजार संख्यांचे चौदा दशांश स्थळांपर्यंतचे लॉग छापले. मधल्या सत्तर हजार संख्या राहिल्या होत्या, त्या आद्रियान व्लाक याने १६२८ मध्ये भरल्या. याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, 'धवला' या जैन टीकाग्रंथात वीरसेनाचार्य 'अर्धच्छेद' वापरतात: संख्या किती वेळा निम्मी करता येते तो आकडा. ३२ चा ५. हा २ पायाचा लॉगच, आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हेही तिथे आहे.

चोपन्न वर्गमुळं काढायची माझी तयारी नाही, पण छोटा तक्ता वर्गातच करवून घेते. युक्ती एकच: ओळखीच्या संख्येचा जवळचा शेजारी शोधायचा. २ चा दहावा घात १०२४, शेजारी १०००. म्हणून दहा वेळा लॉग २ म्हणजे सुमारे ३, लॉग २ सुमारे ०.३. (खरा ०.३०१०. इथून पुढे खरा वापरायचा.) ३ चा चौथा घात ८१, शेजारी ८०, म्हणजे ८ गुणिले १०. चार वेळा लॉग ३ सुमारे १.९०३०, म्हणून ०.४७५८; खरा ०.४७७१. चालेल. ७ चा चौथा घात २४०१, शेजारी २४००, आणि हा फार जवळचा शेजारी: ८ गुणिले ३ गुणिले १००. लॉगांची बेरीज ३.३८०१, भागिले चार, ०.८४५०. तक्त्यात ०.८४५१. हे फळ्यावर येतं तेव्हा मागच्या बाकावरचेही वर बघतात. ४, ५, ६, ८, ९ तर यांच्यातूनच फुकटात मिळतात. ५ साठी १० भागिले २.

११ साठी बराच वेळ कुणाला काही सुचेना. १२१ ला १२० शेजारी धरला तर १.०३९६ येतो, खरा १.०४१४; मन भरत नाही. मग एका मुलीने ९९ चा वर्ग काढला: ९८०१. शेजारी ९८००, म्हणजे २ गुणिले ४९ गुणिले १००. त्याचा लॉग ३.९९१२, निम्मा १.९९५६, त्यातून ९ चा ०.९५४२ काढला की १.०४१४. तंतोतंत. १३ मग सोपा, कारण ७, ११ आणि १३ चा गुणाकार १००१.

१७ साठी २८९ आणि २८८ ही जोडी चटकन दिसते, पण तिने १.२२९६ येतो आणि खरा आहे १.२३०४. याहून जवळचा शेजारी आहे, तोही २०००च्या आत, आणि त्यात २, ३, ५, ७ शिवाय दुसरं काही लागत नाही. सापडला तर कळवा.