नाझिफचं चांदीचं अस्वल

मागच्या रविवारी सकाळी मी लॅपटॉपवर एक बोस्नियाचा सिनेमा पाहून राहिली होती, दानिस तानोविचचा, २०१३ चा. नाझिफ नावाचा रोमा माणूस, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्या समाजातला, भंगार गोळा करून घर चालवतो, बायकोच्या पोटातलं बाळ दगावलंय, ऑपरेशन तातडीचं आहे पण विम्याचं कार्ड नाही आणि हातात पैसे नाहीत म्हणून दवाखाना परत पाठवतो. नातेवाईक बाईच्या कार्डावर कसंबसं ऑपरेशन होते तं घरची लाईट कापलेली, मग हा बाप्या स्वतःची गाडीच तोडून भंगारात विकतो.

हे सगळं खरंच घडलं होतं, आणि सिनेमात नाझिफचं काम नाझिफनंच केलंय, बायको सेनादाचं सेनादानं, पोरीही त्यांच्याच. बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलात त्याला बेस्ट अ‍ॅक्टरचं सिल्व्हर बेअर मिळालं. मला वाटलं वा, यालेच म्हणतात रिप्रेझेंटेशन!

पण मग मी त्याच वर्षीचा पोलंडचा 'पापुशा' पाहिला. ब्रॉनिस्वावा वायस या रोमा कवयित्रीवरचा, ब्लॅक अँड व्हाइट, इतका देखणा की फ्रेम थांबवून थांबवून पाहावा, आणि बोली बहुतेक रोमानीच. त्यात पापुशाचं काम योविता बुद्निक या पोलिश अ‍ॅक्ट्रेसनं केलंय, ती रोमा नाही, रोमानी शिकून केलं तिनं आणि मनापासून केलं, तिच्यावर माझा राग नाहीच. पण मला तेव्हापासून एकच गोष्ट टोचून राहिली आहे की भंगारवाला दाखवायचा तं खरा रोमा घेतात, आणि लिहिणारी, कविता करणारी रोमा बाई दाखवायची तं बाहेरची. म्हणजे त्या लोकांनी पडद्यावर फक्त आपलं दुःखच करून दाखवायचं का? दुःख आमचं आणि कला तुमची, असं कसं चालेल?

आपल्याकडे हे कळायला वेळ लागू नये खरं तर. 'झुंड' साठी नागराज मंजुळेंनी नागपुरातल्या वस्त्यांमधली पोरं घेतली, अमिताभसमोर उभी केली, आणि ती पोरं नुसती बिचारी नाही दिसत, ती खेळतात, शिव्या देतात, मस्ती करतात, लाजतात. मला वाटते फरक कॅमेरा कोणाच्या हातात आहे त्याचाही आहे, मंजुळे स्वतः वडार समाजातले. दिग्दर्शक टोनी गॅटलिफ असाच, आईकडून रोमा, त्याचा १९९३ चा 'लाचो ड्रोम' राजस्थानातून सुरू होतो आणि गाणं-बजावणं करत पार स्पेनपर्यंत जातो. आणि राजस्थानातूनच का, तर रोमा लोक हजारेक वर्षांपूर्वी इकडूनच गेलेले. त्यांच्या भाषेत कानाला कानच म्हणतात, पाण्याला पानी, अगदी आपल्या नागपुरी सारखं. आणि तरी आपण त्यांना 'जिप्सी' म्हणून मोकळे होतो, नाहीतर फॅन्सी ड्रेसमध्ये घागरा घालतो.

तर त्या रविवारी नाझिफचा गाडी तोडायचा सीन चालू असताना भंगार घ्यायला येणाऱ्या काकू दारात आल्या, ठेला बाहेर लावून. मी रद्दी काढेपर्यंत त्या उभ्यानंच पाहत राहिल्या.

"हे त्याची खरीच बायको का?"

मी म्हटलं, हो काकू, आणि तोही खराच आहे, असंच काम करायचा, त्याला मोठं बक्षीस पण मिळालं, चांदीचं अस्वल.

"मंग आता बरं असन त्याचं?"

मी खोटं नाही बोलू शकली. नाझिफनं जर्मनीत आसरा मागितला होता, तो नाकारला गेला, परत गावी आला, पुन्हा भंगार. २०१८ मध्ये ते अस्वल ४००० युरोला विकलं आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला.

काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग वजनकाटा हातात घेत म्हणाल्या, "एवढं चांगलं काम केलं त्यानं, तं दुसऱ्या पिक्चरमंदी कोनी घेतलं नाही का त्याले?"